आईची खोली, चार गावं आणि एक सेप्टिक टँक

त्या एक्सेल फाइलला मी 'आईची खोली' असं नाव दिलं होतं. चार रकाने चार गावांचे, अकरा ओळी अकरा प्रश्नांच्या. किती चौरस फूट बांधता येतं, गाडीसाठी किती जागा दाखवावी लागते, हद्दीपासून किती लांब राहायचं, बांधकाम घराला चिकटूनच हवं की परसात सुटंही चालतं, मालकाने तिथंच राहायची सक्ती आहे का, असं सगळं. जवळजवळ दीड वर्ष ती फाइल भरत होते. चौकटींना हिरवा, पिवळा, लाल रंग दिले होते. आणि शेवटी ज्या आकड्यावर सगळं ठरलं, तो त्या अकरा ओळींत कुठेच नव्हता.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. घर इकडच्या पद्धतीचं कलोनियल. खाली स्वयंपाकघर, बसायची खोली, जेवायची खोली वगैरे. झोपायच्या चारही खोल्या वर. मध्ये चौदा पायऱ्या. आईचे गुडघे गेल्यापासून ती खाली सोफ्यावर झोपायची आणि तीन दिवस झाले की म्हणायची, "मी काय पाव्हणी आहे का गं, सोफ्यावर निजायला?" पूर्वी आई-बाबा दोघं उन्हाळ्यापुरते यायचे. ग्रीन कार्ड झाल्यावर मुक्काम लांबणार हे दिसत होतं.

खालच्या मजल्यावर एक बेडरूम वाढवणं एवढंच असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आईला स्वतःची शेगडी हवी होती. पहाटे पाचला चहा, चतुर्थीला वेगळा स्वयंपाक, आणि "तुझ्या त्या काचेच्या चुलीवर भाकरी फुगत नाही" हे तर कायमचंच. अमेरिकन झोनिंगची, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं त्या नियमांची, गंमत अशी की सगळा कायदा त्या शेगडीपाशी येऊन अडतो. शेगडी नसेल तर ती घराची एक खोली. शेगडी, मोरी-संडास आणि वेगळं दार आलं की त्याच चार भिंती 'दुसरं घर' होतात, आणि एका प्लॉटवर एकच घर हा इथल्या गावांचा जुना हट्ट. त्या दुसऱ्या छोट्या घराला इथं एडीयू (अॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट) म्हणतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी 'इन-लॉ' म्हणतं, कुणी 'ग्रॅनी फ्लॅट'. आईला नकाशा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे पडवीच की."

पहिला प्रयत्न २०२३ चा. आमच्या गावच्या नियमांत तेव्हा 'फॅमिली अपार्टमेंट' नावाचं एक कलम होतं. बांधकाम घराला चिकटूनच हवं, राहणारा रक्ताचा किंवा लग्नाने झालेला नातेवाईकच हवा, आणि स्पेशल परमिट लागणार. स्पेशल परमिट म्हणजे पेपरात नोटीस, आजूबाजूच्या शेजाऱ्यांना टपालाने नोटीस, जाहीर सुनावणी आणि पाच जणांच्या मंडळात चार मतं. हे सगळं केलं असतं. पण खाली एक पोटकलम होतं: त्या नातेवाइकाचं तिथलं वास्तव्य संपलं की ठरावीक मुदतीत स्वयंपाकघर काढून टाकावं. नवरा मोठ्याने वाचत होता, तो मधेच थांबला. 'वास्तव्य संपलं' याचा अर्थ दोघांनाही कळला होता. हे कलम मी आईला कधीच वाचून दाखवलं नाही.

मग ठरलं की दुसऱ्या गावात घर बघावं आणि तिथले नियम आधी तपासावेत. तिथून ती फाइल सुरू झाली.

या राज्यात ३५१ गावं आणि शहरं आहेत, आणि झोनिंग प्रत्येकाचं आपापलं. दहा मिनिटं गाडी चालवली की कायदा बदलतो. मी चार निवडली. एक आमचंच. दुसरं माझ्या मैत्रिणीचं, तिथं सगळ्या गावाला सांडपाण्याची सार्वजनिक लाइन आहे. तिसरं जरा आत, एकरभर प्लॉट, घरोघरी बोअर. ते आमच्या घरात 'विहिरीचं गाव' म्हणून ओळखलं जायचं. चौथं चक्क शहर. इथं 'टाउन' आणि 'सिटी' यांतला फरक लोकसंख्येपेक्षा कारभाराचा जास्त. शहरात निवडून दिलेली कौन्सिल नियम करते, गावात टाउन मीटिंग, म्हणजे आपली ग्रामसभा. त्याबद्दल पुढे.

पहिल्याच आठवड्यात कळलं की ही तुलना दिसते तेवढी सोपी नाही. चार गावं चार वेगळ्या भाषा बोलत होती. एक 'राहण्यायोग्य क्षेत्र' मोजायचं, दुसरं 'एकूण क्षेत्र', तिसरं बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून, चौथं आतून. मैत्रिणीच्या गावात मर्यादा ७५० चौरस फूट आणि आमच्या गावात ८०० लिहिली होती, म्हणून मी आमच्या चौकटीला हिरवा रंग दिला. महिनाभराने लक्षात आलं की आमच्या ८०० मध्ये जिना आणि कपाटंसुद्धा धरलेली आहेत, त्यांच्या ७५० मध्ये नाहीत. रंग बदलला. कुणाला अशी तुलना करायची असेल तर माझं सांगणं एवढंच: शेवटी दडवलेला व्याख्यांचा भाग आधी वाचा. खरे नियम तिथंच असतात, पुढची पानं नुसती आकड्यांची.

बाबांना हे सगळं मनापासून आवडलं. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्राची नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली तेव्हा कराडात शेजारच्या तिघांना ती त्यांनीच समजावून सांगितली होती. व्हिडिओ कॉलवर मी 'सेटबॅक', म्हणजे हद्दीपासून सोडायचं अंतर, म्हटलं की ते म्हणायचे, "सामासिक अंतर म्हण. पुढचं किती, बाजूचं किती?" मी आकडे सांगायचे, ते पलीकडे आलेखाच्या कागदावर लिहून घ्यायचे. घराला बाजूने ३० फूट आणि अवजारांच्या शेडला १० फूट, हा आमच्या गावचा नियम ऐकून ते चिडलेच. "फावडं हद्दीला चिकटून ठेवायचं, आन् म्हातारी मानसं तीस फूट आत?"

हा प्रश्न इथल्या सरकारलाही पडला असावा, कारण ६ ऑगस्ट २०२४ ला गव्हर्नर मॉरा हीली यांनी 'अफोर्डेबल होम्स अॅक्ट'वर सही केली आणि माझी अर्धी फाइल एका दिवसात कचऱ्यात गेली. २ फेब्रुवारी २०२५ पासून राज्यातल्या जवळपास सगळ्या गावांत, जिथं एका कुटुंबाचं घर चालतं तिथं एक एडीयू हक्काने बांधता येणार. स्पेशल परमिट नाही. आकार ९०० चौरस फूट किंवा मुख्य घराच्या निम्मा, यातलं जे कमी असेल ते. मालक तिथंच राहिला पाहिजे अशी सक्ती करता येणार नाही. पार्किंगची जास्तीत जास्त एक जागा मागता येईल, आणि रेल्वे स्टेशन किंवा बस स्थानक अर्ध्या मैलाच्या आत असेल तर तीही नाही. नातेवाईकच हवा वगैरे गेलं. त्या पोटकलमासकट गेलं. बॉस्टनला तेवढं वगळलं, कारण त्या शहराचं झोनिंग वेगळ्या कायद्याखाली चालतं.

आणि ती शेड! नव्या नियमावलीत लिहिलंय की एडीयूला लावायची अंतरं मुख्य घराच्या किंवा शेडसारख्या दुय्यम बांधकामाच्या नियमांपेक्षा कडक असता कामा नयेत. दोन्हींतलं जे सैल ते लागू. बाबांना फोन करून सांगितलं. ते अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिहिणारा मानूस साइटवर जाऊन आलेला दिसतो."

आता चारही रकाने सारखे झाले असं वाटलं, पण तसं झालं नाही. राज्याने वरची चौकट आखली, आतले बारकावे गावांच्या हातात उरले. कुणी साइट प्लॅन रिव्ह्यू, म्हणजे आराखड्याची वेगळी तपासणी, ठेवला, कुणी नाही. महिन्याहून कमी मुदतीने भाड्याने देण्यावर कुणी बंदी घातली (ती घालता येते), कुणी गप्प राहिलं. क्षेत्रफळ मोजण्याची व्याख्याही राज्याने दिली आणि तिच्यात तळघर धरलं, छताची उंची नियमाप्रमाणे असेल तर. यावरून मैत्रिणीचं नशीब उघडलं. तिचं बैठं रँच घर १,२०० फुटांचं. जुन्या हिशेबाने तिला ६०० मिळाले असते. खाली तेवढंच उंच तळघर होतं, ते धरल्यावर निम्मे म्हणजे १,२००, आणि मग मर्यादा ९०० ची. तळघरात तिचा ट्रेडमिल आणि दिवाळीचा आकाशकंदील एवढंच असतं, पण कागदावर त्याने तिला तीनशे फूट मिळवून दिले. तिने गॅरेजचं घर केलं. पाच महिन्यांत सासूबाई राहायला आल्या. तिच्या गावाने ऊर्जाबचतीचा कडक पर्यायी बांधकाम कोड स्वीकारलाय, त्यामुळे भिंतींच्या उष्णतारोधाला पैसे जास्त लागले. हीही ओळ माझ्या फाइलमध्ये नव्हती, कारण ती झोनिंगमध्ये येतच नाही.

विहिरीच्या गावातलं घर आम्ही बघून आलो होतो. सुंदर होतं. एकर जमीन, मागे मेपलची झाडं, झोनिंग हिरवंगार. नवऱ्याला तिथं क्रिकेटची नेट दिसायला लागली होती. दलाल बाईंनी जाता जाता एक वाक्य टाकलं: "इथं बोअर आणि सेप्टिक दोन्ही आहेत, ते तेवढं हेल्थ बोर्डाकडे विचारून घ्या." विचारलं. स्वतःची बोअर आणि स्वतःचा सेप्टिक एकाच प्लॉटवर असेल तर एकराला दिवसाला ४४० गॅलन सांडपाणी, ही राज्याची साधारण मर्यादा. एका बेडरूमला ११० गॅलन धरतात. म्हणजे एकराला चार बेडरूम. घरात चार होत्याच. त्या एकरावर कायद्याने ९०० फुटांचं घर बांधता येत होतं, फक्त त्यात कुणाला झोपता येत नव्हतं.

तेव्हा तरी मला आमच्या घराचं सुचायला हवं होतं. नाही सुचलं. आमच्याकडे पाणी गावचं, सेप्टिक मात्र आपला, दर दोन वर्षांनी उपसून घेतो, कधी तुंबला नाही. जी गोष्ट तुंबत नाही तिच्याबद्दल माणूस विचार करत नाही.

नवा कायदा आल्यावर घर विकायचा विचार सोडला. तीन टक्क्यांचं कर्ज टाकून जवळपास सात टक्क्यांचं घ्यायचं, हे कुणाला सुचेल? आमच्याच घराच्या उजवीकडे ७२० फूट, एक बेडरूम, पायरी एकही नाही. फेब्रुवारीत टाउन हॉलमध्ये गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी जुनाच फॉर्म पुढे केला, स्पेशल परमिटचा. गावाच्या संकेतस्थळावरही जुनंच कलम होतं, पोटकलमासह. मी राज्याची नियमावली छापून नेली होती, नंबर ७६० सीएमआर ७१. दोन पानांवर पिवळ्या रेघा मारलेल्या. त्यांनी ती घेतली, आत गेल्या, वीस मिनिटांनी आल्या आणि म्हणाल्या, "झोनिंगला हरकत नाही. तुमचं सांडपाणी कुठं जातं?"

हेल्थ बोर्डाची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. तिथल्या एजंटने आमच्या पत्त्याची फाइल काढली. पिवळा पडलेला कागद, त्यावर हाताने काढलेला आमच्या परसाचा नकाशा, टाकी, वाटपाची पेटी, पाणी जिरवायच्या नळ्या. कोपऱ्यात लिहिलं होतं: ४४० गॅलन प्रतिदिन. पाच वर्षं मी ज्या हिरवळीवर खुर्ची टाकून चहा प्यायले, तिच्याखाली हा आकडा पुरलेला होता. चार बेडरूम वर, पाचवी आईची. पाचशे पन्नास. एकशे दहा गॅलन जास्त. तो इतक्या सहजपणे म्हणाला, जणू भाजी जास्त झाली.

सांडपाण्याचा हा राज्यव्यापी कायदा इथं 'टायटल फाइव्ह' म्हणून ओळखला जातो, आणि नवा गृहनिर्माण कायदा त्याला हात लावत नाही. झोनिंग कितीही उदार झालं तरी माती उदार होत नाही.

बाबा एप्रिलमध्ये आले ते एक तोडगा घेऊनच. नकाशावर वरच्या सगळ्यात लहान बेडरूमच्या जागी त्यांनी 'स्टडी' लिहिलं होतं. खाली नीट अक्षरात, बाणासकट. "नाव बदलायचं. हाय काय त्यात?" मला ते खोटं वाटलं, पण मनात आशाही होतीच. एजंटने नकाशा पाहिला आणि तीनच प्रश्न विचारले. खोली ७० चौरस फुटांपेक्षा मोठी आहे का? खिडकी आहे का? दार लावून घेता येतं का? तिन्हींना हो. "मग ती बेडरूम," तो म्हणाला, "तुम्ही आत अभ्यास करा नाहीतर पोहा." खोल्यांचा आणखी एक हिशेब त्याने पाठ म्हणून दाखवला: न्हाणीघरं, बोळ वगैरे सोडून खोल्या आठांहून जास्त झाल्या की एकूण संख्येला दोनाने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा, येईल तेवढ्या बेडरूम धरायच्या, मग दारावर पाटी कुठलीही लावा. आमचं घर नऊ खोल्यांचं, म्हणजे चार. आईच्या दोन धरल्या की अकरा, म्हणजे पाच. बाबांनी बाहेर आल्यावर मान्य केलं, "हा मानूस आमच्या नगरपालिकेत टिकला नसता. पन हिशेब बरोबर आहे."

दुसरा मार्ग सेप्टिक मोठा करायचा. त्यासाठी मातीची चाचणी. हा दिवस मात्र मला अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी सात, गवतावर दंव, खोदायचं पिवळं बॅकहो परसात. परवानाधारक माती-परीक्षक, तो एजंट, आम्ही, आणि बाबा माझ्या नवऱ्याचं जाड जाकीट घालून खड्ड्याच्या अगदी काठावर. वरची काळी माती फूटभर, मग तांबूस वाळू, मग राखाडी. परीक्षक शिडी लावून खाली उतरला, सुरीने भिंत खरवडली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. राखाडी मातीत नारिंगी ठिपके, गंज लागल्यासारखे. खड्डा कोरडा होता, पण ते ठिपके सांगतात की पावसाळी दिवसांत भूजल कुठवर चढतं. आमच्याकडे ते तीन फुटांवर येत होतं. नळ्यांच्या तळापासून भूजलापर्यंत किमान ४ फूट अंतर लागतं, माती फार भराभर पाणी पिणारी असेल तर ५. याचा अर्थ जमिनीवर बाहेरून वाळू आणून उंचवटा करायचा आणि पाणी पंपाने वर चढवायचं. बाबांनी परीक्षकाकडून मूठभर माती मागून घेतली, चुरगाळली, वास घेतला. मी भाषांतर करणार इतक्यात ते थेट त्याच्याशी बोलायला लागले, हातवाऱ्यांनी, आणि दोघं दहा मिनिटं त्या ठिपक्यांवर बोलत बसले. मला येऊन म्हणाले, "निचरा न होणाऱ्या जमिनीत आमच्याकडं बी अशीच माती लागती. ऊस लावून वाट लावलेल्या रानात."

उंचवट्याचं अंदाजपत्रक ४६,००० डॉलर आलं. शिवाय दिवाणखान्याच्या खिडकीतून रोज दिसणारा एक टेकाड. नको म्हटलं.

मधे मे महिन्यात गावाची टाउन मीटिंग आली. शाळेच्या मोठ्या सभागृहात, दाराशी मतदारयादी, हातात मत द्यायचं छोटं यंत्र. बाबांना बघायचंच होतं. ते मतदार नाहीत, म्हणून त्यांच्या छातीवर 'पाहुणा' असा कागद चिकटवून कडेच्या वेगळ्या रांगेत बसवलं. शाळेचं बजेट, अग्निशमनाची गाडी, मग रात्री साडेनऊला आमचा विषय: जुनं फॅमिली अपार्टमेंटचं कलम काढून नवं घालायचं. बजेट झाल्याबरोबर निम्मी खोली रिकामी झाली. बाबांना फार बरं वाटलं. "आमच्याकडं लोक चहा झाला की उठत्यात."

एका गृहस्थांनी दुरुस्ती सुचवली की मालकाने दोहोंपैकी एका घरात राहिलंच पाहिजे, नाहीतर बाहेरचे गुंतवणूकदार गाव गिळतील. भीती खोटी नव्हती, टाळ्याही पडल्या. गावच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की तुम्ही मंजूर करू शकता, पण गावाचा प्रत्येक उपनियम राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ९० दिवसांच्या तपासणीला जातो आणि तिथं हे वाक्य खोडलं जाईल. मग एक म्हाताऱ्या बाई माइकपाशी आल्या. म्हणाल्या, मला मोठं घर मुलाला देऊन छोट्यात जायचंय, बाकी मला काही कळत नाही. बसल्या. दुरुस्ती पडली, कलम साध्या बहुमताने मंजूर झालं. पूर्वी झोनिंग बदलायला दोन तृतीयांश लागायचे. २०२१ पासून अशा घरांच्या नियमांना साधं बहुमत पुरतं. मी हिरवं बटण दाबलं खरं, पण आमच्या एकशे दहा गॅलनांना त्या बटणाचा काही उपयोग नव्हता.

सुटका तिसऱ्याच मार्गाने झाली, आणि तीही त्या एजंटनेच सांगितली. वरची एक बेडरूम खरोखर मोडायची. दार काढायचं, चौकट काढायची, बोळाकडची भिंत रुंद उघडी करायची म्हणजे ती खोली राहणार नाही. आणि या मालमत्तेवर दोन्ही घरं मिळून चारपेक्षा जास्त बेडरूम कधी होणार नाहीत असा लेख नोटरीसमोर करून रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये नोंदवायचा. तो लेख घराबरोबर चालतो. उद्या घर विकलं तरी घेणाऱ्याला लागू. नवऱ्याला हे जड गेलं. चार बेडरूमचं घर आता कागदोपत्री तीन अधिक एक. विकताना किंमत घटेल का, हे दलालांनी तीन प्रकारे सांगितलं. आम्ही सही केली. मोडायची खोली म्हणजे बाबांनी 'स्टडी' लिहिलेलीच. मुलगा आता उघड्यावर अभ्यास करतो आणि कुणी जिना चढताना दिसलं की फोन उशाखाली सरकवतो.

बांधकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाया चार फूट खोल, कारण इथं जमीन तेवढी गोठते. साडेतीन फुटांवर एका कोपऱ्यात कातळ लागला, त्याचे पैसे वेगळे. मग कंत्राटदार दोन आठवडे गायब. ही गोष्ट दोन्ही देशांत सारखीच.

आईची शेगडी गॅसची आहे. वर धूर ओढणारा पंखा थेट भिंतीतून बाहेर जातो, त्यामुळे फोडणीचा वास घरात येत नाही. शेजारच्या आजोबांकडे जातो. ते एकदा कुंपणाशी येऊन विचारून गेले की हे नेमकं काय आहे. हिंग म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांगता आलं नाही, आईने वाटीतच दिलं.

राहण्याचा दाखला मिळण्याआधी एजंट शेवटचा येऊन गेला. आईच्या घरात नाही, वर. फीत काढून त्याने मोडलेल्या खोलीचं उघडं तोंड मोजलं, एकदा वर, एकदा खाली, आणि फॉर्मवर सही केली. जाताना बाबांना विचारलं, "दार कुठं ठेवलंत?"

दार गॅरेजमध्ये, भिंतीला टेकवून उभं आहे. बिजागऱ्या काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुठीला बांधल्यात. बाबा म्हणतात, राहू दे, चांगलं लाकूड आहे.